संशय कुणावर घ्यायचा? रहस्यकथा, जोतिबाची यात्रा आणि आपण

आपल्या चळवळीत रहस्यकथेला कुणी विचारत नाही. आत्मकथन, कविता, वैचारिक ग्रंथ आणि फार तर एखादी ऐतिहासिक कादंबरी, एवढ्यावर आपले वाचन थांबते. रहस्यकथा म्हणजे एसटीत वेळ घालवायचे पुस्तक, असे म्हणून आपण ती बाजूला टाकतो. मध्यंतरी एका अभ्यासवर्गानंतर चहा पिताना एका पोराने विचारले, "दादा, हे रहस्यकथावाले दर वेळी नवा खून आणतात कुठून? यांचं डोकं संपत नाही का?" बाकीची पोरे हसली. मला मात्र हा प्रश्न हसण्यावारी न्यावा असे वाटले नाही. त्याचे उत्तर शोधत गेले की आपण थेट गावाच्या चावडीवर, पोलीस ठाण्याच्या टेबलापुढे आणि कोर्टाच्या पिंजऱ्याशी येऊन पोहोचतो. म्हणून हा लेख.

आधी मराठीतला पसारा पाहू. गो. ना. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्या मराठी वेशात आणल्या आणि एका पिढीला रात्रभर जागवले. पुढे बाबुराव अर्नाळकर आले. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. या एका माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, छोटू, झुंजार, काळापहाड ही नावे आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. गुरुनाथ नाईकांचा आकडाही हजाराच्या पुढचा. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास हे तर कॉलेजच्या पोरांचे मित्रच होते. भाड्याने पुस्तके देणाऱ्या छोट्या वाचनालयांत या पुस्तकांची पाने हाताळून मऊ पडलेली असत. शेवटचे पान कुणीतरी फाडून नेलेले असले की वाचनालयवाल्याशी भांडण ठरलेले.

आता हजार कथा म्हणजे हजार नवे गुन्हे का? मुळीच नाही. माणूस माणसाला मारतो त्याची कारणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पैसा, जमीन, वारसा, मत्सर, सूड, अब्रूची भीती आणि आधीचा गुन्हा लपवण्याची धडपड. मारायचे मार्गही तेवढेच. रहस्यकथाकार हाच पत्त्यांचा जोड पुन्हा पुन्हा पिसतो. त्याच्या काही ठरलेल्या युक्त्या असतात. तो शेवट आधी ठरवतो आणि मग मागे मागे येत पुरावे पेरतो. तो स्वतःच्या पोटापाण्याच्या कामातले ज्ञान वापरतो. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषध विभागात काम करत होत्या. विषांची माहिती तिथली, आणि ती त्यांना जन्मभर पुरली. तो वर्तमानपत्रातली खरी घटना उचलतो. १९३२ साली अमेरिकेत लिंडबर्गच्या तान्ह्या मुलाला पळवून नेऊन मारले गेले. १९३४ साली ख्रिस्तीबाईंनी त्याच धर्तीची घटना ओरिएंट एक्स्प्रेसच्या खुनामागे ठेवली. एडगर ॲलन पोने तर १८४२ सालीच न्यूयॉर्कच्या एका खऱ्या मृत्यूला पॅरिसचे कपडे चढवून कथा लिहिली होती.

पण या युक्त्या झाल्या. त्यांतून गुन्हा नवा होत नाही. तो नवा वाटतो एकाच कारणाने: संशय अशा माणसावर जातो, ज्याच्यावर वाचकाने तोवर संशय घेतलेला नसतो. प्रेमळ डॉक्टर, इमानी वकील, तपास करणारा अधिकारी, कधी कधी तर गोष्ट सांगणारा निवेदक स्वतः. रहस्यकथाकाराचे सगळे कसब संशय हलवण्यात आहे. कालच्या कथेत काका सुटले असतील, तर आजच्या कथेत काकांकडे बघायचे. गुन्हे थोडे आहेत, पण ज्यांच्यावर कधी संशयच घेतला गेला नाही अशी माणसे पुष्कळ आहेत. म्हणून रहस्यकथा संपत नाही. त्या पोराला मी दिलेले उत्तर एवढेच होते. बाकीचे सगळे त्या उत्तरातून निघाले.

चांगल्या रहस्यकथेत एक गोष्ट आपल्याला, म्हणजे आंबेडकरी माणसाला, जवळची वाटायला हवी. तिथे खोलीत असलेला प्रत्येक जण संशयित असतो. बंगल्याचा मालक, त्याची बायको, पाहुणा म्हणून आलेला रावबहादूर, माळी, स्वयंपाकी, सगळ्यांना एकच प्रश्न विचारला जातो: रात्री दहा वाजता तुम्ही कुठे होता? याला मी संशयाची समता म्हणतो. ही समता आपल्या गावात कधी नव्हती. लहानपणी मला रहस्यकथेचे वेड लागले त्याचे कारण आज उमगते. त्या पुस्तकांत पाटलालाही जबाब द्यावा लागत होता.

अर्थात ही समता तिथेही अर्धीच होती. अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइन याने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम लिहिले. त्यातला एक नियम असा की नोकराला गुन्हेगार करू नये. ते फार सोपे उत्तर होते, आणि गुन्हेगार कसा, संशय न यावा असा, तोलामोलाचा माणूस हवा. म्हणजे खून करण्याचीही पात्रता लागते, आणि ती नोकराकडे नसते! पुढच्याच वर्षी, १९२९ साली, इंग्लंडच्या रोनाल्ड नॉक्सने दहा आज्ञा लिहिल्या. त्यात एक आज्ञा होती, कथेत चिनी माणूस आणू नका. त्या काळच्या स्वस्त कथांत चिनी खलनायकांचा सुळसुळाट होता. चिनी पात्र आले की वाचक ओळखे, हाच तो. वंशावरून गुन्हेगार ठरला की रहस्य मरते, हे त्या पाद्र्याला कळले होते. कुणाला वाटेल, लांबच्या देशातल्या या गोष्टीशी आपला काय संबंध? संबंध आहे. जिथे गुन्हेगार जन्मावरून ठरलेला असतो, त्या समाजात आपण राहतो.

माझे गाव जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याचे. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला लाखोंची यात्रा भरते. उंच सासनकाठ्या नाचत येतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, 'चांगभलं'च्या गजराने डोंगर हलतो. आम्ही पोरे यात्रेत पाण्याच्या पिशव्या, नारळ असले काहीबाही विकायला जायचो. देवाशी आमचे देणेघेणे घरात कधीच संपले होते, पण चार पैसे मिळायचे. मी नववीत असतानाच्या यात्रेत पायऱ्यांजवळ एका बाईचे गंठण गेले. आरडाओरडा झाला. शंभर-दीडशे माणसे आजूबाजूला होती आणि सगळी एकमेकांना खेटून. पण कुणीही कुणाकडे पाहिले नाही. सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला गेल्या. कडेला पाल टाकून सुया-बिब्बे विकणारी एक बाई पोराला पाजत बसली होती. तिला ओढून काढले. आधी मारले, झडती नंतर घेतली. काही सापडले नाही. तेव्हा एक जण म्हणाला, "साथीदाराकडं दिलं असंल." आणि हे सगळ्यांना पटले.

या वाक्याची ताकद बघा. माल सापडला तर ती चोर. सापडला नाही तर ती हुशार चोर. अशा संशयातून सुटायला वाटच नाही. त्या बाईच्या विरुद्ध एकही पुरावा नव्हता आणि तिला पुराव्याची गरजही पडली नाही. तिचा पुरावा तिच्या जन्मात होता. गंठण कुणी नेले हे रहस्य तिथेच संपले, कारण ते उलगडायची गरज कुणालाच वाटली नाही. खरा चोर कुणीही असो, तो त्या क्षणी सगळ्यांत सुरक्षित होता.

हा संशय आकाशातून पडलेला नाही. तो लिहून, छापून आणि कायदा करून रुजवला गेला. १८३९ साली फिलिप मेडोज टेलर या निजामाच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्याने एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली. ती इंग्लंडात प्रचंड खपली. हिंदुस्थानात गुन्हा हा पिढीजात धंदा असतो, ही कल्पना अशा पुस्तकांनी घराघरांत नेली. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला आणि १९११ च्या कायद्याने तो देशभर पसरवायची सोय झाली. जातच्या जात गुन्हेगार. पोराने डोळे उघडायच्या आत तो सरकारदरबारी संशयित. चावडीवर हजेरी, गाव सोडायला परवानगी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. इंग्रजांना हे सुचले आणि पचले, कारण धंदा जन्माने ठरतो हा सिद्धांत इथे आधीच तयार होता. मनुस्मृतीने जो साचा दिला, त्यात त्यांनी फक्त 'गुन्हेगार' हा शब्द ओतला.

याच जोतिबाच्या वाटेवर एक वेगळा इतिहासही आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. ज्या फासेपारध्यांना बघून लोक दारे लावून घेत, त्यांना महाराजांनी सोनतळीत आसरा दिला, कामाला लावले, पहाऱ्यावर नेमले. ज्याच्यावर चोरीचा संशय त्याच्याच हाती राखणीचे काम! रहस्यकथाकार संशय हलवतो तो कागदावर. महाराजांनी तो जिवंत माणसांच्या बाबतीत हलवून दाखवला. गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून जायला मात्र १९५२ साल उजाडावे लागले. त्यानंतरही सराईत गुन्हेगारांचे कायदे राहिले, तुरुंगांच्या नियमावल्यांत जात राहिली. अगदी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की तुरुंगात जातीवरून कामे वाटणे घटनाबाह्य आहे.

आता दुसरी बाजू. गुन्हेगार कोण हे जन्माने ठरले, तसे गुप्तहेर कोण हेही ठरलेलेच होते. आपल्या रहस्यकथांतला नायक बहुधा शहरी, उंचापुरा, मोटारीतून फिरणारा. पण महाराष्ट्राच्या गावगाड्यात चोराचा माग कोण काढत होते? महार, मांग, रामोशी, भिल्ल. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टनने जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचे काम नोंदले आहे. चोरी झाली की त्याने पावलांचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला की तो त्या गावच्या जागल्याच्या स्वाधीन करायचा. माग हरवला तर भरपाईचा बोजा त्याच्यावर. धुळीतल्या एका पावलावरून माणूस लंगडतो की ओझे घेऊन चालतो हे सांगणारी ही माणसे होती. शेरलॉक होम्स हे लंडनमध्ये करू लागला तेव्हा त्याला जग प्रतिभावंत म्हणाले. आमच्या आजोबांनी केले तेव्हा ती वतनाची चाकरी ठरली, आणि गावात चोरी झाली की पहिली थप्पडही त्यांनाच.

तपास करणारे आपण, आणि संशयितही आपणच. मग ज्यांच्यावर संशय घ्यायला हवा होता ते कुठे गेले? हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला तो जोतीराव फुल्यांनी. जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्म म्हणून त्यांचे नाव जोती ठेवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली. धोंडिबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तर देतात, आणि उत्तरातून पुन्हा प्रश्न निघतो. तो सगळा ग्रंथ एखाद्या उलटतपासणीसारखा चालतो. पुराणांत वामन देव आणि बळी दैत्य. फुल्यांनी फाईल पुन्हा उघडली आणि विचारले, मेले कोण, मारले कुणी, फायदा कुणाचा झाला, आणि हा पंचनामा लिहिला कुणी? खंडोबा, म्हसोबा, जोतिबा ही कष्टकऱ्यांची दैवते मूळची बळीच्या राज्यातले अधिकारी, असा उलगडा त्यांनी मांडला. त्या उलगड्याचा तपशील इतिहासकार तपासोत. महत्त्वाचे हे की ज्याच्या हातात लेखणी होती त्याच्यावर संशय घेता येतो, हे त्यांनी शिकवले.

बाबासाहेबांनी हा तपास शास्त्रशुद्ध केला. त्यांच्या दोन ग्रंथांची नावेच पाहा. १९४६ चा ग्रंथ विचारतो, शूद्र कोण होते? १९४८ चा ग्रंथ विचारतो, अस्पृश्य मूळचे कोण आणि ते अस्पृश्य का झाले? कोण आणि का, हे कुठल्याही तपासाचे पहिले दोन प्रश्न आहेत. दुसऱ्या ग्रंथात बाबासाहेब चालू सिद्धांत एकेक करून तपासतात. अस्पृश्य वेगळ्या वंशाचे म्हणता? मग नाकाच्या मोजमापांची आकडेवारी काय सांगते ते बघा. ती जुळत नाही. घाणेरड्या धंद्यामुळे अस्पृश्यता आली म्हणता? मग तेच धंदे करणारे इतर लोक अस्पृश्य का झाले नाहीत? खोटी उत्तरे बाद करण्याबरोबरच ते ठिकाणाकडेही बघतात: ही वस्ती गावाबाहेरच का? तिथून ते पांगलेल्या माणसांच्या सिद्धांताकडे, बौद्ध धम्माकडे, गोमांसाकडे जातात आणि इसवी सन ४०० च्या आसपासचा काळ निश्चित करतात. प्रस्तावनेत त्यांनी सांगून टाकले आहे की जिथे साखळीतले दुवे हरवलेले असतात, तिथे हाती असलेल्या पुराव्यावरून कल्पनाशक्तीने दुवा जोडावा लागतो, आणि त्यामुळे संशोधन अग्राह्य होत नाही. घटनास्थळ, हेतू, काळ, बाद केलेले पर्याय. असा तपास कुठल्या कादंबरीतल्या गुप्तहेराने केला आहे?

मग आजच्या गुन्ह्यांकडे येऊ. आपल्यावर होणाऱ्या अत्याचारांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. रहस्यकथेत खुनी लपलेला असतो आणि शेवटी सापडतो. आपल्याकडे खुनी पहिल्या पानावर सगळ्या गावाला माहीत असतो आणि शेवटच्या पानावर हरवतो. खर्ड्याची आठवण काढा. २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा पोरगा, भरदिवसा मारहाण, नंतर झाडाला लटकलेला मृतदेह. २०१७ च्या नोव्हेंबरात नगरच्या सत्र न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. पोरगा तर मेला आहे, मग मारला कुणी? हे रहस्य आहे, आणि ते कुठलाही रहस्यकथाकार लिहायला बसलेला नाही. कारण इथे प्रश्न 'कुणी केले' एवढ्यावर थांबत नाही. 'माहीत असलेले सिद्ध कसे झाले नाही' इथपर्यंत जावे लागते.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका कुटुंबातली चार माणसे मारली गेली. तिथे शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली कुणी दोषी ठरले नाही. म्हणजे गुन्हेगार सापडला आणि हेतू हरवला. रहस्यकथेत हेतू सापडल्याशिवाय पुस्तक मिटत नाही. आपल्याकडे तो बाहेर ठेवूनच पुस्तक मिटले गेले.

इथे एक बारकावा प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा. १९८९ च्या मूळ कायद्यात गंभीर गुन्ह्यांच्या कलमात, पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा झाला, असे सिद्ध करावे लागे. आरोपीच्या मनातले कारण दाखवायचे कसे? बचावाचा वकील म्हणायचा, भांडण जमिनीचे होते, जातीचे नव्हते. जणू या देशात जमीन आणि जात वेगळ्या नांदतात. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, ते शब्द बदलले. आता पीडिताची जात 'माहीत असताना' गुन्हा केला एवढे दाखवणे पुरते. गावात कुणाची जात कुणाला माहीत नसते? दोन-तीन शब्दांच्या बदलाने संशयाची दिशा हलली. त्याच दुरुस्तीत साक्षीदारांच्या आणि पीडितांच्या हक्कांचे वेगळे प्रकरण आले. त्याच दुरुस्तीत मिशा भादरणे, चपलांचा हार घालणे, सामाजिक-आर्थिक बहिष्कार टाकणे असे प्रकार नावानिशी गुन्हे म्हणून लिहिले गेले. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, १९७६ ची त्याची सुधारणा, १९८९, २०१५, आणि महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ओळीने वाचून काढा. यादी वाढतच जाते. नवे गुन्हे कोण शोधते, असे त्या पोराने विचारले होते. सगळ्यांत सुपीक डोके जातीचे आहे. कायदा तिच्या मागून धापा टाकत येतो.

आणि कायदा असूनही पहिला घाव पहिल्या कागदावरच बसतो. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाबरोबर मी एका पोलीस ठाण्यात गेलो होतो. ठाण्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, तुमच्या तालुक्यातलेही असेच असेल. म्हातारीने जातिवाचक शिवीसकट सगळे सांगितले. लिहिणाऱ्याने लिहिले, 'किरकोळ कारणावरून वादावादी'. मी म्हटले, त्या जसे बोलल्या तसे लिहा. तो म्हणाला, "भावार्थ तोच आहे की." भावार्थ तोच नव्हता. शिवी गेली की जात जाते, जात गेली की कलम जाते, आणि कलम गेले की तपास उपअधीक्षकाकडे जायचा तो हवालदाराकडे राहतो. दोन तास बसून आम्ही ते वाक्य बदलून घेतले. ते दोन तास म्हणजे माझ्या लेखी एक पूर्ण रहस्यकथा होती. पुरावा नष्ट होताना मी डोळ्यांनी पाहिला, आणि त्याला ना चाकू लागला ना पिस्तूल. एक बॉलपेन पुरले.

काही जण म्हणतील, आपल्याकडे खरे दुःख एवढे असताना कल्पित गुन्ह्यांच्या कथा कशाला? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. आपल्या लेखकांनी खरे सांगून मराठी साहित्य हलवले आहे. अण्णा भाऊंनी ज्याला सरकार दरोडेखोर म्हणत होते त्या फकिराला नायक केले आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने खिसे कापणाऱ्या हातामागची भूक दाखवली. भीमराव गस्तींच्या 'बेरड'ने दरोडा कुठेही पडो, पोलीस आधी कुणाच्या झोपडीत शिरतात ते सांगितले. पण आत्मकथन सांगते, माझ्यावर संशय घेतला गेला. पुढची पायरी राहते, ती म्हणजे संशय जिथे जायला हवा तिथे तो नेऊन पोहोचवणे. ते काम तपासाच्या कथेचे आहे. 'जय भीम' हा तमिळ सिनेमा आपल्या पोरांनी डोक्यावर घेतला तो याच कारणाने. पोलीस कोठडीतून नाहीसा झालेला इरुळर माणूस, आणि नोंदवहीतली खोटी नोंद शोधून काढणारा वकील. त्यामागे १९९३ सालचे खरे प्रकरण होते.

आणि लेखकाच्या संशयाने खरा माणूस सुटल्याचेही उदाहरण आहे. शापूरजी एडलजी नावाचे मुंबईचे पारशी गृहस्थ ख्रिस्ती होऊन इंग्लंडात एका खेड्याचे पाद्री झाले. गावात रात्री जनावरांची पोटे फाडली जाऊ लागली, तेव्हा गावाने आणि पोलिसांनी बोट दाखवले ते त्यांच्या मुलावर, जॉर्जवर. सावळा, परका, म्हणून. १९०३ साली त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉईल त्याला भेटायला गेला तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांना चिकटवून वाचत होता. इतकी अधू नजर असलेला माणूस अंधाऱ्या रात्री शेते तुडवत जाऊन हे करील? डॉईलने १९०७ साली लेख लिहून सरकारला हैराण केले. जॉर्जला माफी मिळाली, भरपाई मात्र मिळाली नाही. त्याच वर्षी इंग्लंडात फौजदारी अपील न्यायालय स्थापन झाले, त्याला या प्रकरणाचाही रेटा होता. कथेत रोज संशय हलवणाऱ्या माणसाला खऱ्या जगात चुकीच्या जागी बसलेला संशय दिसला.

म्हणून माझे तरुण मित्रांना सांगणे आहे, रहस्यकथा वाचा आणि लिहा. तुम्हाला विषयांची ददात पडणार नाही. विहिरीवरची मोटर रातोरात जळते आणि नेमकी वस्तीचीच. गायरानाच्या सातबाऱ्यावरचे नाव एका रात्रीत बदलते. वसतिगृहातला पोरगा 'अभ्यासाच्या ताणाने' गळफास घेतो आणि त्याची चिठ्ठी सापडत नाही. गटारात उतरलेल्या माणसाचे नाव कुठल्याच ठेकेदाराच्या हजेरीपटावर नसते. यातल्या प्रत्येकात एक पूर्ण कादंबरी आहे. तुमचा गुप्तहेर मोटारीतून फिरणारा नसला तरी चालेल. तो माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिणारा बी.ए.चा पोरगा असेल, शवविच्छेदनाचा अहवाल दोनदा वाचणारी परिचारिका असेल, किंवा फेरफाराच्या नोंदीतली शाई ओळखणारा निवृत्त तलाठी असेल.

आणि लिहिणे जमत नसेल, तर निदान एवढे करा. वस्तीत काही घडले की मोबाईलवर भाषण रेकॉर्ड करण्याआधी घटनास्थळाचा फोटो काढा. वेळ लिहा. कोण कुठे उभे होते ते लिहा. शिवी जशीच्या तशी लिहा, लाजू नका. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. तपास कुणाकडे आहे ते विचारा. साक्षीदाराच्या घरी खटला संपेपर्यंत जात राहा, कारण गुन्हेगार तिथे रोज जात असतो. आणि यात्रेत, बाजारात, एसटीत कुणाचे काही चोरीला गेले आणि सगळ्यांच्या नजरा एका पालाकडे वळल्या, तर तुम्ही मध्ये उभे राहून मोठ्याने विचारा: पुरावा काय? आपल्या वाट्याला आलेला संशय आपण दुसऱ्या कुणाच्या माथी जन्मावरून मारणार नाही, आणि ज्यांच्यावर तो कधीच गेला नाही त्यांना जबाब दिल्याशिवाय सोडणार नाही. फुले-आंबेडकरांचा वारसा सांगणाऱ्याला एवढा तपास करावाच लागेल.

जय भीम! जय जोती!